देवकाच्या कीबोर्डचे खटके

३ फेब्रुवारी, सोमवार

उशीर झाला, डायरे, माफ कर. दिवाळीपासून तुझ्यात एक ओळ लिहिली नाही. बायकोला, देवकाला, लकवा मारला — उजवा हात गेला, जीभ गेली. मग काय लिहिणार! तिला समजते सगळे, फक्त बोलता येत नाही. तिला काय हवे ते मीच ओळखतो, मीच सगळ्यांना सांगतो. घर चालले आहे.

आज भावना बोरगाव मेघेहून आली. लेक म्हणून आली की काही बेत घेऊन आली, कळत नाही. सोबत एक कीबोर्ड आणला. टायपिंगच्या क्लासात शिकवते, तिला त्यातले कळते. बटणांवर मोठी मराठी अक्षरे चिकटवली आहेत. देवकाने डाव्या बोटाने दाबायचे, समोरच्या टॅबवर अक्षर उमटते. पण बोट थरथरते, बटण पुरते दबतच नाही.

"बटनाखालचे स्विच बदलता येते, बाबा. चिमट्यानं ओढाचे, दुसरे बसवाचे. आईले कोनते जमते ते पाहू."

मी त्यांना खटके म्हणतो. इतक्या लहान वस्तूला इतके प्रकार! कशाला?

५ फेब्रुवारी, बुधवार

नमुन्याचे पाकीट आले. लाल खटका हलका, माशी बसली तरी दबेल. निळा टक् टक् वाजतो, देवका दचकली. तपकिरीला अर्ध्यात अडथळा लागतो. काळा सगळ्यांत जड.

भावना लगेच म्हणाली, "लालच घेऊ."

"येवढी घाई काऊन?"

"अहो बाबा, आईच्या बोटात जोर नाई, म्हून!"

असेल. पण बाकीचे तिने नीट दाबूनही पाहिले नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

लाल बसवले. देवकाचे पहिले वाक्य — चहात साखर टाका.

साखर! ती बिनसाखरेचा पिते. लकव्यापासून मीच करून देतो, मला माहीत नसेल?

"हे कोनं लिवलं?"

"आईनं. माह्यासमोर."

"तुह्यासमोरच ना!"

लिहिताना भावना तिच्या मनगटाखाली हात धरते. म्हणे आधार. मी पुलगावच्या बाजारात जन्मभर कापसाचा मापारी होतो. पारड्याखाली बोट लावणारे खूप पाहिले. सगळे असेच गोड बोलायचे.

संध्याकाळी शेजारचे बंडूजी डोकावले. "काय रामाजी, वहिनी आता तुमच्या कागाळ्या छापून काढते म्हने!" भावना हसली. देवकाही हसली, अर्ध्या तोंडाने. मला हसू आले नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज टॅबवर — बोरगावले जाते.

हेच ते! भावनाच्या घराजवळ हातापायाचा, जिभेचा व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. आईला तिकडे पाठवा म्हणून भावना किती दिवस फोन करत होती. मी नाही म्हणालो. माझ्यासारखे तिचे कोण करणार? आता तेच आईच्या बोटातून वदवते आहे!

मी स्पष्ट बोललो. "लाल खटका हवेनं दबते. तू हात हलवते अन् तिचं बोट पडते."

"बाबा, तुमाले पोटच्या पोरीवर भरोसा नाई?"

"मले काट्यावर भरोसा हाय."

तिने डोळे पुसले. डोळे पुसण्याचे काय, कोणालाही येतात पुसता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगून टाकले — काळे बसव. जड खटक्यावर कोण जोर लावते ते दिसते. एवढेच माझे म्हणणे.

भावना चिमटा हातात धरून बघत राहिली. "आईले ते दबनार नाईत. तुमाले तेच पायजे ना?"

असे का म्हणाली? झोप नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काळे बसले. भावनाला अंगणात पाठवले, दार लावले. मी आणि देवका, दोघेच.

विचारले, "बोरगावचं कोनं लिवलं?"

तिने बोट टेकवले. दबेना. पुन्हा टेकवले. दबेना. मी म्हणालो, "राहू दे, देवका." — आणि खरे सांगतो, मला बरे वाटले होते.

तिने बोट मुडपले. सांध्याने दाबायला लागली. खांदा पुढे घातला, सगळे अंग त्या एका बटणावर. ओठावर घाम. खाट करकरली. मनगटाखाली कोणाचा हात नव्हता, मी वाकून पाहिले.

तीन बटणे. मग थांबली.

टॅबवर — मीच.

माझ्याकडे बघत होती. बोटाचा सांधा लालभडक झाला होता. मला तो हातात घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. मी दार उघडले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काळे मी काढले, लाल मी बसवले. चिमट्याने, एकेक. दुपारी दोघी गेल्या.

देवका, पोचलीस का? भावनाच्या फोनवरून एक अक्षर तरी टाक. कोणी दाबले, ते विचारणार नाही. लवकर कळव.