टेकडीवरच्या मनोऱ्यात ऐकलेली बातमी

रविवार, संध्याकाळ

भयंकर चिडलेय मी. आज संदीपने हट्टाने मला रांधा गावाजवळच्या टेकडीवर नेलं. पोर्तुगीजांच्या काळी तिथे जाळ पेटवून इशारे देत म्हणे. आता फिरायला येणाऱ्यांसाठी लाकडी मनोरा आहे. जिना नुसता डुगडुगतो. कठडा घट्ट धरून मी कशीबशी वर पोचले, तर नवरा माझा निवांत कारखाने दाखवतोय.

"ते निळे पत्रे दिसतायत ना? ती माझी कंपनी होती."

"होती काय? आहे."

"होती. शुक्रवारी राजीनामा दिला."

शेजारी एक गुजराती कुटुंब फोटो काढत होतं. ओरडणार कशी? म्हणूनच तिथे नेलं का मला? विचारलं, तर म्हणाला, "हो. घरी तू मला बोलूच दिलं नसतंस." आणि वर त्या डुगडुगत्या जिन्यावरून मलाच हात धरून उतरवलं!

याच्या नोकरीसाठी मी धुळ्याच्या शाळेतलं शिकवणं सोडून इथे आले. मला आधी विचारायचं नाही? घरी पोचल्यावर भांडायचं ठरवलं होतं. पण चहाही न घेता तो आडवा झाला. रात्रपाळ्या लागल्यापासून त्याला झोप अशी नव्हतीच. आता घोरतोय. उठवू कशी?