टबातली वाळू

डॅरेल,

मी बसने ड्यूटीवर गेले. गाडी दारातच बर्फात रुतलीय, आणि चाकाखाली टाकायला डिकीत ठेवलेली वाळूची गोणी मी बाथटबात ओतलीय. हसू नकोस.

मेक्सिकोचं बुकिंग केलं एकदाचं. स्वस्त हॉटेलांच्या पोहण्याच्या तलावाला कुंपण नाही, पोर कधी पाण्यात पडेल नेम नाही; कुंपणवाली आपल्याला परवडत नाहीत. शेवटी उथळ समुद्राजवळचं एक सापडलं. आता रद्द केलं तर पैसे बुडाले. आणि आज पाळणाघरात कळलं, आपल्या टेसाला वाळूचीच भीती वाटते! म्हणून टबात सराव घेतला. रडून घर डोक्यावर घेतलं, बर्फाचे बूट चढवले तेव्हा कुठे उभी राहिली. आता बुटांसकटच झोपलीय. काढायला जाऊ नकोस.

तू येईपर्यंत शेजारच्या ओलेनाबाई बसल्यात. खाणीवरून महिन्याने येतोयस. मागच्या वेळेसारखी टेसा तुला बघून किंचाळली तर लगेच उचलू नकोस, नुसता जवळ बसून राहा.

ओलेनाबाई म्हणाल्या, "पोरीला समुद्र कसला दाखवताय, आधी बाप दाखवा!"

बुकिंग त्यासाठीच तर केलंय रे. पण हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

जोसलिन