साडूंना रडवायचा सीझन

३ ऑगस्ट
प्राचार्यांनी कॉलेजची फुटबॉल टीम अखेर माझ्या ताब्यात दिली. मागे लागून घेतली, असं स्टाफरूममध्ये बोलतात. बोलू देत.
सासुरवाडीला जेवायला बसलं की सासरे दरवेळी विचारतात, "मोठ्या जावयांची टीम यंदा काय म्हणते?" मोठे जावई म्हणजे माझे साडू, पलीकडच्या कॉलेजात कोच. फिजिक्स काय म्हणतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.
लीगमधली शेवटची मॅच साडूंच्या टीमशी आहे. त्या दिवशी ते रडले पाहिजेत. बाकी कशाची हाव नाही. बॉल म्हणजे शेवटी वेग आणि कोन. दोन्ही मी अर्धं आयुष्य शिकवत आलोय.

४ ऑगस्ट, सकाळी
मुलं गचाळ. कॅप्टन ताडमाड, सगळे त्याला लंबू म्हणतात. मी बोलत असताना बुटाची नाडी बांधतो. गोलकीपर बुटका आणि विनाकारण हसरा. त्याचं नाव मी 'खिडकी' ठेवलं. कायम उघडी. कुणी हसलं नाही. विनोदबुद्धी शून्य.
संकल्प: ओरडायचं नाही. धाक नजरेत हवा.

५ ऑगस्ट
ओरडलो. नाइलाज होता.

२० ऑगस्ट
पहिली मॅच. ०-५. रेफ्री आंधळा.
प्लॅनमध्ये खोट नव्हती. सगळ्यांनी एकदम पुढे जायचं, समोरचे गांगरतात. लंबू आधीच फाटे फोडत होता, म्हणे मागे कोण थांबणार? म्हटलं, खिडकी आहे ना, निदान जागा तरी अडवतो.
घरी बायकोने स्कोअर विचारला. सांगितला. तिने साडूंचा स्कोअर सांगितला. मी विचारला नव्हता.

१ सप्टेंबर
०-४. वीस टक्के सुधारणा. हा वेग टिकला तर साडूंचं काही खरं नाही.
बायकोचा सल्ला: मुलांशी जरा गोडीने बोला. तिच्या भाऊजींची मुलं म्हणे त्यांच्या अंगाखांद्यावर खेळतात. तशा कोचला काय किंमत?

९ सप्टेंबर
खिडकीचं बोट दुखतंय म्हणे. पंजा वर धरून मैदानभर मिरवत होता. म्हटलं, आणखी नऊ आहेत, ती वापर. नाटकं नुसती.

१२ सप्टेंबर
साडू आमची मॅच बघायला आले. हेरगिरी, दुसरं काय. हाफटाइमला सरळ आमच्या मुलांत येऊन बसले, खिडकीचा हात मांडीवर घेतला आणि सुजलेलं बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधलं. मग मला हळूच म्हणाले, "साडूभाऊ, याला आता खेळवू नका. एक्स-रे काढू या."
सगळी मुलं बघत होती. म्हटलं, "तुम्ही तुमची टीम सांभाळा." आणि खिडकीला पुन्हा गोलात उभा केला. त्या वेळी माघार घेतली असती तर माझी काय पत राहिली असती?
०-६. त्यातले चार नंतरचे.

तोच दिवस, संध्याकाळी
बोट मोडलंय. चीर होती, दुसऱ्या हाफमध्ये बॉल बसून सांधा सरकला. ऑपरेशन होईल. दवाखान्यात साडू घेऊन गेले. माझी बायको थर्मास घेऊन मागोमाग गेली. मी घरी होतो. तिथे गर्दी करण्यात अर्थ नसतो.
परत आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या पोराने सांगितलं होतं ना तुम्हाला?"
म्हटलं, सांगायची काही पद्धत असते.
ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

१४ सप्टेंबर
मैदान मोकळं. लंबू एकटाच आला. नाडी बांधलेली होती. म्हणाला, "सर, तुम्ही असाल तर आम्ही खेळणार नाही."
बंड! सांगितलं, तुझं करिअर संपलं. म्हणाला, "बरं सर," आणि चालता झाला. आजकाल धमकीसुद्धा कुणी मनावर घेत नाही.

१६ सप्टेंबर
लंबूची तक्रार करायला गेलो. प्राचार्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या मुलाला भेटून आलात?"
म्हटलं, लेक्चर्स होती.
म्हणाले, शेवटच्या मॅचला तुम्ही घरी थांबा, लंबू बघून घेईल. लंबू! हाफटाइमपर्यंत तीन गोल खातील आणि मग मला बोलवायला धावत येतील. आलेच तर लगेच हो म्हणायचं नाही.

२५ सप्टेंबर, दुपारी
बायको न जेवताच मॅचला गेली. मीही पाय मोकळे करायला निघालो. ट्रॅकसूट घातला, कारण गार होतं. मैदानाच्या मागच्या कुंपणाशी सावली बरी आहे, म्हणून थांबलो.
आमच्यातले दोघं मागेच थांबलेले. कोनाचा पत्ता नाही. गोलात भलताच मुलगा, आणि गोलमागे प्लास्टर बांधून खिडकी उभा. "डावीकडे! पुढे ये!" ओरडून घसा बसला असेल कारट्याचा.
हाफटाइम, ०-१. मी ट्रॅकसूटची चेन वर ओढली, केस नीट केले. कुणी आलं नाही.
शेवटी शेवटी लंबूने डोक्याने बॉल आत घातला. १-१. सीझनमधला आमचा पहिला गोल. माझे हात वर गेले आणि तारेला अडकून बाही फाटली. मुलं धावत सुटली ती थेट गोलमागे. प्लास्टरसकट खिडकीला खांद्यावर घेतलं. बायको टाळ्या वाजवत होती. साडूसुद्धा वाजवत होते. समोरच्या टीमच्या गोलला! हा कसला कोच?
मॅच तशीच सुटली. एक पॉइंट.

संध्याकाळी
पेपर उघडून बसलो होतो. बायको आल्यावर सहज विचारलं, कितीने हरले?
ती बाहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही कुंपणाशी होतात. सगळ्यांनी पाहिलं तुम्हाला."
सगळ्यांनी म्हणजे?
"लंबूने. भाऊजींनी. त्या पोराने. सगळ्यांनीच."
मग कुणी आत का बोलावलं नाही, असं विचारणार होतो.
विचारलं नाही. तिने सांगितलं असतं.