सावलीचं माप

१९ सप्टेंबर

पोचले एकदाची तिर्नोवोला! विदिनपासून बसमध्ये बसून कंबरेचा काटा ढिला झाला, पण मन मात्र उड्या मारतंय. माझी एकुलती एक लेक यासेना, तिच्या गावात सोय नाही म्हणून, इथल्या मोठ्या इस्पितळात आहे. आठवा संपत आलाय, रक्तदाब सारखा चढतो, म्हणून बाळंत होईपर्यंत पलंग सोडायचा नाही असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. जावई जहाजावर, समुद्रापार. मग आईनं नाही यायचं तर कुणी यायचं?

हॉटेल स्वस्तातलं असलं तरी स्वच्छ आहे. कड्यावर घरं एकाच्या डोक्यावर एक चढवलेली, त्यातलंच एक. खाली यांत्रा नदी. एके काळची बल्गेरियाची राजधानी ना ही, राजे गेले तरी गावाची ऐट गेली नाही, आणि हे मेले चढही गेले नाहीत. आम्ही डॅन्यूबकाठची सपाटीवरची माणसं, दहा पायऱ्या चढलो की देव आठवतो. मालकीण झोयका माझ्याच वयाची, गोलमटोल, बोलायला लाघवी. मी बॅग खाली ठेवायच्या आत तिनं चीज भरलेली गरम बानित्सा आणि दही पुढ्यात ठेवलं. आजी होणार म्हणजे आता ऐट करा, म्हणाली. तिचे मुलगा-सून आणि तीन नातवंडं तळमजल्यावरच राहतात, दिवसभर नुसता धिंगाणा.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी मागच्या अंगणात उघडते. फाटकावर मेलेल्यांच्या फोटोंचे कागद डकवलेत, एकाला लागून एक. ते काय, कुणाच्या दारावर नसतात? माझ्या दारावर माझा नवरा आहेच की. दरवर्षी नवा छापून लावते, म्हणजे तो पावसानं पुसट होत नाही.

२१ सप्टेंबर

यासेनाला भेटले. पोट एवढं मोठं आणि तोंड एवढंसं. भेटल्या भेटल्या भांडलो, म्हणजे तब्येत ठीक आहे म्हणायची! मी एवढंच म्हटलं की बाळंत झालीस की चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही, बाळालाही बाहेर काढायचं नाही. माझ्या आईनं पाळलं, मी पाळलं. ही हसून हसून बेजार. आई, तू कुठल्या शतकातून बस पकडलीस, असं विचारलं मला! शेजारच्या पलंगावरची बाईसुद्धा फिदीफिदी हसली. मी म्हटलं, हसा. वेळ आली की मुकाट्यानं ऐकाल.

येताना लाल दोऱ्याचं रीळ घेतलं, बाळाच्या मनगटाला बांधायला. दृष्ट काही शतक बघून लागत नाही.

२३ सप्टेंबर

ऊन असं छान पडलं होतं की दुपारी अंगणात बसून बाळाची दुपटी शिवली. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, पण आजच्यासारखा हात कधी चालला नव्हता.

अंगणाच्या कडेला सगळं घर पेलून धरणारी मोठी भिंत आहे. दर पावसाळ्यात तिला पोट सुटतं म्हणे, म्हणून ती मुळापासून नवी बांधताहेत. गवंडी पेन्चो, झोयकाचा दीर, वाळलेल्या मिरचीसारखा माणूस, बोलेल तर शपथ. त्याची ओळंब्याची दोरी तुटली. माझ्याकडे बघत उभा राहिला तेव्हा मीच लाल रीळ काढून दिलं, अख्खं. ठेवा म्हटलं, बाळाला मी दुसरं आणीन. मग त्यानं मला जरा कोपऱ्याशी उभं राहायला सांगितलं, तिथं, उन्हात. मी म्हटलं, काय हो मिस्त्री, मलाच ओळंबा करता की काय? वजन आहे बरं माझं! तो हसला नाही. माझ्या मागे वाकून जमिनीवर दोरा ताणत होता. झोयका दारातून बघत होती. तिनं छातीवर क्रूस केला, का ते कळलं नाही. संध्याकाळी तिनं मला घेवड्याचं सूप आणलं आणि पैसे घेईना.

२८ सप्टेंबर

भिंत भराभर उठतेय. मी मात्र आज उठू शकले नाही. चढउतार बाधले असणार. इस्पितळात उशिरा गेले, तर यासेनानं तोंड फुगवलं.

३ ऑक्टोबर

घागरा कमरेवर राहत नाही, दोनदा आत घेतला. डॉक्टरला दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाला, बीट खा म्हणाला. खातेय.

एक गोष्ट मात्र लिहावी की नको? आज इस्पितळाच्या दारात उन्हात उभी होते. शेजारी एक फुलवाली. तिची सावली काळीभोर आणि माझी फिकी, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखी. वाटलं डोळे गेले. जागा बदलून पाहिली. चष्मा पुसून पाहिला. चालत चालत चौकापर्यंत गेले, तिथंही तेच.

पेन्चो दगड बसवून हातोडी मारतो, तेव्हा माझ्या छातीत ठोका पडतो. दर वेळी. योगायोग असेल. असू दे बाई, योगायोगच असू दे.

६ ऑक्टोबर

आठवलं.

माझी आजी सांगायची. जुन्या काळी गवंडी पूल बांधायचे, मोठी घरं बांधायचे, ती टिकावीत म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या सावलीचं दोऱ्यानं माप घ्यायचे आणि तो दोरा बांधकामाच्या पायात पुरायचे. भिंत उभी राहायची आणि तो माणूस चाळीस दिवसांत जायचा. मग तोच त्या घराची राखण करत बसायचा. म्हणून काम चाललेल्या जागेजवळून उन्हात जायचं नाही, लांबून जायचं, असं ती आम्हाला दटावायची. आम्ही पोरं हसायचो, यासेना हसते तशीच.

शिंपीण असून मला कळू नये? जित्या माणसाचं माप फितीनं घेतात. दोऱ्यानं घेतात ते मेलेल्याचं. आणि दोरा मी माझ्या हातानं दिला.

७ ऑक्टोबर

झोयकाला विचारलं. मनात होतं की ती हसेल, वेडी म्हणेल. म्हणावं म्हणून जीव तळमळत होता. पण ती रडायला लागली. माझे हात धरून म्हणाली, टेकडी सरकते गं, काँक्रीट टाकलं, लोखंड टाकलं, काही धरत नाही. तुझी लेक आता कर्ती झाली, माझी तिघं अजून याच छपराखाली झोपतात, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? वर म्हणते, तुला काही कमी पडू देणार नाही, दर वर्षी मेणबत्ती लावीन, दारावर फोटो लावीन!

खाली जाऊन फाटकावरचे कागद नीट पाहिले. एकाचंही आडनाव झोयकाचं नाही. एक रुसेची शिक्षिका, एक प्लेवेनचा फिरता विक्रेता. सगळे परगावचे. सगळे इथं उतरलेले पाहुणे.

देवा, मला नातवंड बघायचंय. बाकी काही मागत नाही. एकदा मांडीवर घेऊ दे.

८ ऑक्टोबर

पळाले. पुलापर्यंत गेले आणि गुडघे गेले. जितकं भिंतीपासून लांब जावं तितका श्वास तुटतो. लोक चांगले, पाणी पाजलं, खिशात हॉटेलची किल्ली सापडली म्हणून उचलून परत इथंच आणून सोडलं. झोयकानं त्यांना कॉफी दिली आणि मला पांघरूण घातलं!

पोलिसांना फोन केला. काय सांगणार? माझी सावली चोरली? पोरगा होता बोलायला, म्हणाला, आजी, घरी कुणी आहे का?

यासेनाला काही सांगितलं नाही. तिचा रक्तदाब.

९ ऑक्टोबर

झोयका म्हणाली, चांगलासा एक फोटो दे. तरुणपणचा असला तरी चालेल.

तिच्या तोंडावर उशी फेकली. ती उचलून तिनं नीट झाडली, परत ठेवली आणि हळूच म्हणाली, एक वाट आहे. दुसऱ्या कुणाचं माप आण. दोरा बदलू. जागा रिकामी ठेवता येत नाही, एवढंच. कुणीही चालेल, तुझ्या ओळखीचं कशाला?

१० ऑक्टोबर

दोरा घेऊन चौकात गेले. लिहायला लाज वाटते, पण गेले. एवढं अंतर चालू देते ती भिंत. कारंज्यापाशी एक मुलगा उन्हात बसला होता, पाठीवर पिशवी, फिरायला आलेला. सावली लांबलचक. मी त्याच्या मागे वाकले. दोऱ्याचं एक टोक त्याच्या सावलीच्या डोक्याशी धरलं. तो वळला. त्याला वाटलं माझं काही पडलं, तोही माझ्याबरोबर खाली बसून शोधायला लागला. मग मला उठवून बसवलं आणि हातातली अर्धी बानित्सा मला दिली. खा आजी, म्हणाला, चेहरा किती उतरलाय.

दोरा नदीत टाकला. खूप रडले.

१४ ऑक्टोबर

मुलगी झाली! दोघी सुखरूप! यासेनानं फोनवर सांगितलं, नाव नेव्याना ठेवणार. माझं नाव.  ती चिडली, आई, तू यायचं सोडून झोपून काय राहिलीस? सर्दी आहे म्हटलं, बाळाला लागेल.

भिंत पूर्ण झाली. उन्हात उभी राहिले तर पायाशी काही नाही. काहीच नाही.

आता नुसतं पडून राहायचं नाही. मरायचं तर हातपाय मारून मरेन.

१६ ऑक्टोबर

आज रविवार. सगळे चर्चमध्ये. रांगत खाली गेले, रांगतच म्हणायचं. मी उभी होते तो कोपरा ठाऊक होता. पेन्चोची पहार आणि माझी कापडाची मोठी कात्री. नखं तुटली. तळाचा दगड हलला, आत चिंधीत गुंडाळलेला लाल दोरा. माझाच. हाताला कोमट लागला. काडी लावली. जळून राख झाला.

आणि श्वास आला! पोटभर श्वास आला! पाठीवर ऊन पडलं होतं, समोर फरशीवर काळीभोर सावली, माझी. तिच्याशी वेड्यासारखी बोलले. दगड पुन्हा ढकलून ठेवला.

१७ ऑक्टोबर

भूक लागली. दोन वाट्या सूप, पाव, मिरचीची चटणी. चालते, पण अजून पाय लटपटतात. उद्या निघणार, थेट इस्पितळात. यासेनाला फोन केला, ठणठणीत झाले म्हटलं, आवाज ऐकून ती रडलीच. उद्या घरी सोडणार म्हणाली, टॅक्सीनं तुला न्यायला येऊ का? मी ओरडले तिच्यावर. खबरदार! चाळीस दिवस, विसरलीस? मी इस्पितळात येते, तोवर तू हलायचं नाही. बरं बाई, बरं, म्हणाली. ती हसत होती, पण बरं म्हणाली.

संध्याकाळी भिंतीतून आवाज आला. लांबलचक चीर, कोपऱ्यापासून वरपर्यंत. झोयकानं वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. 

१८ ऑक्टोबर, सकाळ

दार उघडत नाही. घर सरकलं, चौकट दाराला चावून बसलीय. बाहेरून झोयका गोड आवाजात म्हणते, पेन्चो सोडवेल, आधी भिंतीचं काम.

वापरा की दुसरं कुणी, मला काय! नाही, असं म्हणू नये. पण मी उन्हात उतरणार नाही. खोलीत माझी सावली त्यांच्या हाताला लागत नाही. आणि यासेना, बाळ, दोघी उंबऱ्याआत. चाळीस दिवस. देवाची कृपा.

बॅग भरून बसले. दुपटी वर ठेवली.

दुपार

टॅक्सी थांबली. फाटकाशी.

नाही —

यासेनाचा आवाज. हसतेय. आईला चकित करायचं म्हणे — झोयका तिला मिठी मारतेय. अंगणात आणतेय. ऊन लख्ख.

खिडकीतून ओरडतेय. खाली काँक्रीटचा मिक्सर चालू केलाय त्यांनी, घरघर, काही ऐकू जात नाही. फोन लावला. लागतो, ती उचलत नाही — बाळ झोपावं म्हणून आवाज बंद केला असणार —

दार हलत नाही. खांदा निखळला.

हे पान फाडून खाली टाकते. यासेना, वाच. यासेना, बाळाला घेऊन पळ. भिंतीपाशी उभी राहू नकोस. मागे बघ. पेन्चोच्या हातात लाल रीळ आहे, बाळासाठी आणलेलं, ते

फाडायला वेळ नाही — हात हलवतेय मी, जा म्हणून, जा — तिला वाटतं मी बोलावतेय. तीही हात हलवते. उन्हात येऊन उभी राहिली.

झोयका कानात काही सांगतेय तिच्या. आजीला दाखव, असं —

बाळाला वर उचललंय तिनं, दोन्ही हातांनी, उंच. केवढीशी आहे. केस काळे. माझ्याकडे धरलीय —

भिंतीवर सावली पडलीय. इवलीशी. पेन्चो वाकला

यासेना खाली घे तिला खाली घे खा