मांडीवरचा मुलगा

मॉरिसव्हिल,
८ फेब्रुवारी २००४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते, तू "काय?" म्हणतेस आणि मग दोघीही चिडतो. त्यापेक्षा पत्र बरं. ईमेल तुला जमत नाही असं नसून तुला ती नको आहे, हे संजयदादाने पार्सिपनीहून पुन्हा एकदा बजावलंय.

इकडची बातमी चांगली नाही. अ‍ॅलनच्या बाबांचं हृदय आता थकलं. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलच्या फेऱ्या पुरे, घरीच आरामात ठेवा. खालच्या खोलीत त्यांचा पलंग लावलाय, शेवटच्या दिवसांतली काळजी घेणाऱ्या हॉस्पिसची नर्स येऊन बघून जाते. थट्टा मात्र शाबूत आहे. काल माझ्या वरणभाताला "पिवळं पॉरिज" म्हणाले आणि चार घास खाल्लेही.

आपल्या थडग्याचा दगड त्यांनी स्वतःच ठरवलाय. इथे दगडावर फोटो बसवून मिळतो. त्यांना हवा आहे तो इंग्लंडमधला जुना फोटो. आई खुर्चीत, मांडीवर ते स्वतः, बाजूला मोठा भाऊ हॅरल्ड. ते अकरा महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. तिच्याबरोबरचा हा एवढाच फोटो. खाली "एडगर, आईच्या मांडीवर" असं कोरायचं आहे.

पण आई, मांडीवर चक्क मुलगी आहे! पांढरा झालरीचा फ्रॉक, कुरळे केस. यामिनी खो खो हसली, "ग्रँडपा, यू वोअर अ ड्रेस?" म्हणाली. मीही शहाणपणा केला. आपल्याकडे संजयदादाला फ्रॉक घालून, दोन वेण्या घालून तू स्टुडिओत नेलं होतंस, तसंच हौसेनं केलं असेल, असं मी बाबांना सांगितलं. रात्री अ‍ॅलनला विचारत होते, ती कुणी दुसरीच मुलगी तर नसेल ना?

तू लीड्सला शिकलीस, नागपूरला कॉलेजात पोशाखाचा इतिहास शिकवलास. तू सांगितलंस तर ते मानतील.

औषधं वेळेवर घे, आणि मी विचारते म्हणून रागावू नकोस.
तुझी
रेणू


पार्सिपनी,
१५ फेब्रुवारी २००४

चि. रेणूस,
अ. उ. आ.

औषधं मी वेळेवर घेते. तू शहाणपणा कमी करत जा.

संजयच्या वेण्या ही माझी हौस होती. तिथे ती रीत होती. त्या काळी इंग्लंडात सगळीच लहान मुलं फ्रॉकमध्ये असत. लंगोट बदलायला सोपं आणि वाढत्या अंगाला पुरतं, एवढं साधं कारण. चार-पाच वर्षांचा झाला की मुलाला पहिली चड्डी शिवत आणि त्या दिवसाचं घरात कौतुक होई. तेव्हा फ्रॉकवरून मुलगी ठरत नाही.

फोटोत भांग बघ. मुलींचा बहुधा मधोमध, मुलांचा एका बाजूला. हातात काय आहे तेही बघ, बाहुली की चाबूक, भोवरा. भांग बाजूला असेल तर आमच्या व्याह्यांना, एडगररावांना, खुशाल सांग की तो मुलगाच आहे. शक्य असेल तर मोठी प्रत पाठव. ऐकीव माहितीवर मी विद्यार्थिनींनाही मार्क दिले नाहीत.

त्यांना माझा नमस्कार सांग. माया आहे, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.
आई


मॉरिसव्हिल,
२४ फेब्रुवारी २००४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

भांग बाजूला आहे! हातात छोटा चाबूक आहे! बाबांना वाचून दाखवलं तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. संध्याकाळी सूप मागून घेतलं. नर्सलाही फोटो दाखवून म्हणाले, हा मी, आणि हे एका इंडियन प्रोफेसरने तपासलंय.

अ‍ॅलनने ऑफिसात मोठी प्रत काढली, ती सोबत आहे. आता तुझं काम फक्त सही करण्याचं. बाबांनी मला बजावलंय की तू जे लिहिशील ते जसंच्या तसं वाचायचं, सुनेनं गोड करायचं नाही. दगडवाल्याला तुझं पत्र आल्यावर सांगायचं ठरलंय.

थंडीत बाहेर पडू नकोस. तुझ्या रागावर माझं भारी प्रेम आहे, तो जपून ठेव.
तुझी
रेणू


पार्सिपनी,
३ मार्च २००४

चि. रेणूस,
अ. उ. आ.

हे पत्र आधी तू एकटी वाच.

मुलगाच आहे. पण तो एडगर नाही.

बूट बघ. बटणांचे बूट, आणि दोन्हींची टोकं घासलेली. हे मूल चालत होतं, चांगलं महिनोन् महिने चालत होतं. अकरा महिन्यांच्या बाळाचे बूट असे झिजत नाहीत. आता हॅरल्ड बघ. खलाशाचा पोशाख, मोठी चौकोनी कॉलर, गुडघ्यापर्यंत चड्डी. तुझे सासरे जन्मले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, असं तूच पूर्वी सांगितलंयस. त्या वयाचा मुलगा खलाशाचा पोशाख घालायला मेला तरी तयार होत नसे. जाकीट आणि टोपी घालून हिंडे. हा हॅरल्ड सात-आठ वर्षांचा आहे. आईचा गळा हनुवटीपर्यंत बंद आहे आणि घेर जमिनीला टेकलाय. एडगरराव मांडीवर होते त्या १९२० च्या सुमाराला बायकांचे घोटे दिसू लागले होते.

म्हणजे हा फोटो एडगररावांच्या जन्माआधी तीन-चार वर्षांचा. मधे एक मुलगा होता. तो पुढे राहिला नाही, आणि त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

मी प्रत दोनदा नाही, चार दिवस पाहिली. चूक निघावी म्हणून पाहिली. निघाली नाही.

सांभाळून घे.
आई


मॉरिसव्हिल,
१० मार्च २००४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं आणि तिथेच बसून राहिले. अ‍ॅलनला दाखवलं. तो म्हणाला, डॅडना हे कळता कामा नये.

बाबा रोज विचारतात, टपाल आलं का. मी नाही म्हणते. नर्स म्हणाली, आता फार दिवस नाहीत. आई, त्यांच्याजवळ आईची दुसरी काही खूण नाही. आवाज आठवत नाही, चेहरा याच फोटोतला. पंचाऐंशी वर्षांच्या माणसाला मी सांगू का, की या मांडीवर तुम्ही नाही?

एक विनंती करते. दुसरं पत्र लिही, एकच ओळ, की तो मुलगा आहे. ते खोटंही नाही. बाकीचं तू लिहिलंच नाहीस, तर मी लपवलं असंही होणार नाही.

तू कुणासाठी कधी मार्क वाढवले नाहीस हे मला ठाऊक आहे. या वेळी एकदा वाढव. मी तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.
तुझी
रेणू


पार्सिपनी,
१५ मार्च २००४

चि. रेणूस,
अ. उ. आ.

तू म्हणतेस ती ओळ लिहून पाहिली. व्याकरणाने खरी आहे. पण मला विचारलंय ते वेगळंच, आणि विचारणाऱ्याने गोड करू नका म्हणून सांगितलंय. मरणाऱ्या माणसाला मी पाठ फिरवून उत्तर देणार नाही.

शिवाय त्या मुलाचा विचार कर. त्याचं नाव कुणी मागे राहू दिलं नाही, उच्चारलं नाही. या जगात त्याची म्हणून एवढी एक जागा उरलीय, आईची मांडी. तिथे दुसऱ्याचं नाव कोरलं की तो संपला.

सोबतचा इंग्रजी कागद एडगररावांसाठी आहे. त्यात सगळं लिहिलंय, आणि आणखी एक गोष्टही. फ्रॉकच्या घेराला खाली आडव्या दुमडी आहेत. मूल वाढलं की एकेक उसवून लांबी वाढवायची. एक उसवल्याची रेघ दिसते, बाकीच्या शिल्लक आहेत. त्या बाईने हे कापड पुढे पुष्कळ वर्षं पुरवायचं ठरवलं होतं. अशा घरात मागे राहिलेला फ्रॉक टाकून देत नसत. पुढच्या बाळाला घालत. बहुधा तो एडगररावांच्या अंगावर आला असेल, आणि घालणारे हात हेच. हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि तसंही लिहिलंय.

वाचायचं की नाही हे तू आणि अ‍ॅलन ठरवा. नाही वाचलंत तर मी एका शब्दाने बोलणार नाही. पण खोटं पत्र माझ्याकडून येणार नाही.

मी तुझ्या मनातून उतरले तरी चालेल, तू वेळेवर जेवत जा.
आई


मॉरिसव्हिल,
४ एप्रिल २००४

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्याचं संजयदादाने सांगितलंच असेल. काल सगळं पार पडलं. पाहुणे गेले, आता लिहायला बसलेय.

मी कागद वाचला. अ‍ॅलन खोलीबाहेर गेला, त्याला ऐकवेना. मी बूट वाचले, कॉलर वाचली, घेर वाचला. बाबांनी डोळे मिटले होते. फ्रॉकच्या दुमडींपाशी आले तर म्हणाले, पुरे. मग म्हणाले, "युअर मदर इज अ हार्ड वुमन." आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी तुझ्यावर इतकी चिडले होते की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अ‍ॅलनला आणि मला बोलावलं. म्हणाले, हॅरल्ड कधीकधी मला चुकून विली म्हणायचा. जेवताना, शाळेत सोडताना. तसं म्हणाला की घाईने उठून जायचा, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही. विली कोण, असं विचारलं तेव्हा एकदा त्याने थोबाडीत मारली होती. पुढे मी बोट पकडून अमेरिकेला आलो, तो निरोप द्यायलाही आला नाही. मी जन्मभर समजत होतो की त्याला मी आवडत नाही.

एवढं बोलून ते रडले, आई. लहान मुलासारखे नाही, म्हाताऱ्या माणसासारखे, आवाज न करता. अ‍ॅलनने मिठी मारली तर त्याला म्हणाले, मी हॅरल्डच्या अंत्यविधीलाही गेलो नाही.

दगडाचं त्यांनी बदललं. फोटो वरती, खाली आईचं नाव, मग हॅरल्ड, मग विली. अ‍ॅलन म्हणाला, डॅड, विली हे नक्की नाही, चर्चला पत्र घालून विचारू या. ते म्हणाले, वेळ नाही, चुकलं असेल तर तो भेटेल तेव्हा सांगेल. स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यांत खाली घ्यायला लावलं, मधे रिकामी जागा सोडून. दगडवाल्याने विचारलं, तुमचाही एखादा फोटो नको का? ते म्हणाले, आईबरोबरचा माझा नाहीये.

त्यानंतर आठवड्याने गेले. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती. तू बरोबर केलंस की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही, आणि आज ठरवायचंही नाही. त्यांचे कपडे कपाटात तसेच आहेत. अ‍ॅलन हात लावत नाही. तू ये, थोडे दिवस राहा. आपण दोघी मिळून ते घडी करून ठेवू.

वाट पाहते.
तुझी
रेणू