चुलत बहिणीचा रिपोर्ट

७ जून, शनिवार
बुद्धभूषणच्या मोठ्या भावाचा रिपोर्ट आला. मॅच नाही. शिट!

साडेचार वर्षांचं पोरगं. त्याच्या पांढऱ्या पेशी जंतूंना पकडतात, पण मारत नाहीत. लिव्हरमध्ये तिसऱ्यांदा पस. बोन मॅरो ट्रान्सप्लांट केला तरच सुटणार, आणि सख्ख्या भावंडाचा मॅच मिळाला तर बेस्ट. आता तपासायला सख्खं भावंडच उरलं नाही.

उल्हासनगरच्या ओपीडीत त्याची आजी, सुंदराबाई, मध्येच म्हणाली, "शहाडच्या मुकेशची मित्रा हाय ना. तिचं तपासा की." मुकेश म्हणजे भूषणचा मोठा काका, मित्रा त्याची मुलगी. मी बोर्डावर गोल काढून समजावलं — सख्ख्यात चारात एक चान्स, चुलतात जवळपास झीरो. भूषणचा बाप शंकर भिंतीकडे बघत होता. आई संध्या उठून बाहेरच गेली. बोअर केलं वाटतं मी.

१० जून
आमच्या हेड मॅडम म्हणाल्या, डोनरांच्या रजिस्ट्रीत बाहेरचा कोणी शोध. शोधतेय. सोडणार नाही!

१४ जून, शनिवार
आजी एकटीच आली, अंबरनाथहून. दार लावून घेतलं.

"तुझे ते गोल चुकले, बाई. मित्रा संध्याचीच. चार दिवसांची व्हती, मीच उचलून इंदूच्या ओटीत घातली. मोठ्या सुनेला मूल होत नव्हतं ना."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! तपासा म्हणाले. सगळ्यांसमोर अजून कसं सांगतात?"

गाढव आहे मी. एक नंबरची.

१७ जून
मुकेशभाऊ मित्राला घेऊन आले. बारा वर्षांची, दोन वेण्या. तिला फक्त 'भूषणसाठी टेस्ट' एवढंच माहीत. गालातून स्वॅब घेतला तर म्हणे, "एवढंच? मी तर यासाठी युनिट टेस्ट बुडवली!"

५ जुलै, शनिवार
पूर्ण मॅच!!! तिच्या पेशी जंतू मारतातपण, एकदम ओके. जिन्यात नाचले. वॉचमनने बघितलं. बघू दे.

मॅडम मात्र शांत. "तिला खरं कळल्याशिवाय मी तिला सुई लावणार नाही. जा, बोल घरच्यांशी."

६ जुलै
शहाडला गेले. इंदुताईंनी चहा दिला, साखर घालायलाच विसरल्या.

"घ्या ना मॅरो, नाही कोण म्हणतंय? नातं कशाला काढता? उद्या ती संध्याला आई म्हणाली तर?"

डोनरचं पॅम्फ्लेट परत पिशवीत ठेवलं. म्हटलं, "ताई, उद्या परत येते."

"नका येऊ."

"येणार."

८ जुलै
तिसरी फेरी. दार अर्धंच उघडलं. भूषणला परत ताप, एकशे तीन. तेवढंच सांगून बेलवलीला घरी आले.

९ जुलै
आज इंदुताईंनी न विचारता आत घेतलं. "मीच सांगेन तिला. संध्या नाही, तुम्ही नाही. मी."

१२ जुलै, शनिवार
डोनरशी एकटीशी बोलायचं, असा नियम आहे. सगळ्यांना बाहेर पाठवलं. मी हळूच सुरुवात केली, तर मित्रानेच थांबवलं.

"डॉक्टर, मला चौथीपासून माहितीये. मॅरो देणार मी, टेन्शन नको. फक्त मम्मीला बोलू नका हां. काल सांगायला तिला दोन तास लागले."