मुनियाचा कच्चा रंग

आप्पा, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तेव्हा रागवाल अशी भीती नाही. थोडी आहे. तुम्ही पाथरीचे रंगारी. ओलं पांढरं फडकं घासून बघितल्याशिवाय कुणाच्या रंगावर विश्वास ठेवत नव्हतात. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर एका दिवाळीला तुम्ही बाजारातून मुनिया पाखरांची जोडी आणलीत. मादी मातकट, नर लालभडक, अंगभर पांढरे ठिपके. दारातच नराला ओलं फडकं लावलंत. रंग सुटला नाही, तेव्हा कुठे पिंजरा आत आला. मी पंधरा वर्षांची होते आणि मला रंगकाम शिकायचा ध्यास होता, पण पोरीनं रंगाच्या हंड्यापाशी यायचं नाही हा तुमचा कायदा. रंगलेल्या हातांच्या पोरीचं लग्न जमत नाही म्हणे.

चैत्रात नर फिका पडायला लागला, वैशाखात मादीसारखाच मातकट झाला. तुम्ही भर बाजारात पाखरं विकणाऱ्याची गचांडी धरलीत, कच्चा रंग फासून फसवलंस म्हणून. तो कळवळून सांगतोय, "मालक, पाऊस पडू द्या, पुन्ना लाल व्हतंय. जातच तशी हाय त्याची." तुमचं एकच, सारी हयात रंगात गेली, मला शिकवू नको. तो माणूस पुन्हा पाथरीत दिसला नाही.

श्रावणात नर लाल व्हायला लागला. आठवड्याभरात पहिल्यासारखा. तुम्ही फडकं लावलंत, काही सुटेना. मग तुमची नजर माझ्या हातांवर गेली. नागपंचमीची मेंदी होती हो ती, पण रंगारी असून तुम्हाला ओळखता आली नाही. "तू रंगवलंस ह्याला?" मी नाहीच म्हणणार होते. पण तुमच्या चेहऱ्यावर रागापेक्षा हेवा जास्त दिसला, आणि मी हो म्हणाले. तुम्ही पिंजऱ्यापाशी वाकून ठिपके न्याहाळलेत. मग हळूच विचारलंत, "ठिपके पांढरे कसे राखलेस? बांधून का मेण लावून?"

"मेणानं," मी म्हणाले.

"उद्यापासून हंड्यापाशी ये."

त्या हंड्यांवरच माझं पुढचं आयुष्य उभं राहिलं. विणीच्या दिवसांत नर आपसूक लाल होतो आणि उन्हाळ्यात ती पिसं गळून जातात, हे मी नंतर वाचलं आणि तुमच्यापासून लपवून ठेवलं. तुम्ही शेवटपर्यंत गिऱ्हाइकांना सांगत होतात की आमच्या पोरीनं जित्तं पाखरू रंगवलं, तेही ठिपके राखून. त्या पाखरंवाल्याची आठवण आली की लाज वाटते. हे पत्र टाकायचं तरी कुठे, म्हणून धीर करून लिहिते. आप्पा, मी त्या पाखराला बोटसुद्धा लावलं नव्हतं.